सरफोजी राजांचे पाद्रीबाबा

तंजावरला जाणारा मराठी प्रवासी काय काय पाहायचे हे बहुधा घरूनच ठरवून आलेला असतो. बृहदीश्वराचे थोरले देऊळ, भोसल्यांचा राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय आणि मान डोलावणाऱ्या बाहुल्या. संभाजी महाराजांच्या नावाने सांगितली जाणारी सांबाराची दंतकथाही त्याला पाठ असते. सहलीची बस दोन-तीन तास थांबते, फोटो निघतात, बाहुल्या खरेदी होतात आणि मंडळी मदुराईच्या वाटेला लागतात.

या धावपळीत एक ठिकाण हमखास राहून जाते. थोरल्या देवळाला लागूनच शिवगंगेचा छोटा किल्ला आहे. त्यात शिवगंगा तलाव, भोवती बाग, रविवारी पोराबाळांची गर्दी. याच किल्ल्याच्या आवारात १७७९ साली बांधलेले एक साधेसुधे चर्च उभे आहे. गावात ते श्वार्ट्झ चर्च म्हणून ओळखले जाते. बाहेरून पाहिले तर पाय थांबावेत असे त्यात काही नाही. आत मात्र संगमरवरात कोरलेला एक देखावा आहे, आणि मराठी माणसाने तो पाहायलाच हवा. खाटेवर एक वृद्ध पाद्री शेवटच्या दुखण्यात पडले आहेत. उशाशी त्यांचे सहकारी पाद्री उभे आहेत, जवळ शाळेची मुले आहेत. आणि त्या वृद्धाचा हात आपल्या हातात घेऊन उभा आहे एक तरुण राजा. हा राजा म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी भोसले.

पाद्री कोण? राजाला त्यांचा एवढा लळा का? आणि हा संगमरवर कुठून आला? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की तंजावरची गोष्ट पाहता पाहता लंडन, ब्रिस्टल, अमेरिका असे करीत मुंबईपर्यंत येऊन पोहोचते.

जर्मनीतून आलेला पाहुणा

ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ सालचा, प्रशियातील सोनेनबुर्ग गावचा. १७५० साली ते तरंगमबाडीला उतरले. तंजावरच्या राज्याला लागून असलेले हे बंदर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. पुढे काही वर्षे तिरुचिरापल्लीत काढून १७७८ पासून ते तंजावरला कायमचे राहिले. लग्न केले नाही, मायदेशी परत गेले नाहीत. तमिळ तर ते अस्खलित बोलतच, फारसी आणि हिंदुस्थानीही त्यांना येत असे आणि दरबारातल्या लोकांशी बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले. तंजावरचे राजे तुळजाजी यांच्याशी त्यांची पहिली भेट १७६९ सालची.

पाद्रीबाबांचा शब्द म्हणजे शब्द, अशी त्यांची ख्याती होती. १७७९ साली इंग्रजांना हैदरअलीकडे गुप्त बोलणी करायला माणूस पाठवायचा होता, तेव्हा त्यांनी श्वार्ट्झना श्रीरंगपट्टणला धाडले. पुढे हैदरच्या स्वारीत तंजावरचा मुलूख उजाड झाला आणि दुष्काळ पडला. त्या वेळी पाद्रीबाबांनी आधीच साठवून ठेवलेल्या तांदळावर अनेकांचे प्राण वाचले. वसुलीच्या जाचाला कंटाळून शेतकरी गाव सोडून गेले होते. राजाने दिलेल्या वचनावर त्यांचा भरवसा उरला नव्हता, पण पाद्रीबाबा जामीन राहिले आणि हजारो माणसे पुन्हा शेतावर आली. राजाच्या प्रजेने राजापेक्षा परदेशी धर्मगुरूवर जास्त विश्वास ठेवावा, यात राजाची नाचक्की होती. तुळजाजींनी मात्र त्यातूनही धडा घेतला तो असा, की घरातली सर्वांत मोलाची गोष्ट सोपवायची झाली तर याच माणसाकडे सोपवावी.

ती वेळ १७८७ साली आली. तुळजाजींना पुत्र उरला नव्हता. भोसल्यांच्याच एका शाखेतला दहा वर्षांचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, त्याचे नाव सरफोजी ठेवले आणि मरणापूर्वी पाद्रीबाबांना बोलावून मुलाचा हात त्यांच्या हाती दिला. पाद्रीबाबा व्यवहारी होते. राजवाड्याच्या आतल्या कारस्थानांत मुलाचे रक्षण बाहेरच्या माणसाच्या हातून होणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि पालकपण राजाचे भाऊ अमरसिंग यांना द्यावे, असा सल्ला दिला.

सल्ला शहाणपणाचा वाटला, तरी परिणाम उलटा झाला. तुळजाजींच्या पश्चात हे दत्तकविधान शास्त्राला धरून नाही असा निर्वाळा पंडितांनी दिला, कंपनीने तो मानला आणि अमरसिंग गादीवर बसले. छोट्या सरफोजीला कोंडल्यासारखे ठेवण्यात आले. ना मोकळी हवा, ना उजेड, ना शिकवायला कोणी. पाद्रीबाबांनी मद्रासला तक्रारींमागून तक्रारी पाठवल्या. अखेर १७९३ साली मुलाला आणि तुळजाजींच्या राण्यांना मद्रासला हलवण्यात आले. तेथे श्वार्ट्झ यांचे सहकारी गेरिके यांच्या देखरेखीखाली सरफोजींचे शिक्षण झाले. दत्तकाचा प्रश्न नव्याने तपासला गेला, निराळ्या पंडितांनी निराळा निर्वाळा दिला आणि पारडे फिरले.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी पाद्रीबाबा तंजावरलाच निवर्तले. दफनापूर्वी वीस वर्षांचे सरफोजी आले, त्यांनी देहावर भरजरी वस्त्र पांघरले आणि ते सर्वांदेखत रडले. त्याच वर्षी जूनमध्ये ते राजे झाले. शिष्याला गादीवर बसलेला पाहणे गुरूच्या नशिबी नव्हते.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी, कारण पाद्रीबाबांची चरित्रे ती भरभर उरकून पुढे जातात. ज्या कंपनीच्या पाठबळाने गादी मिळाली, त्याच कंपनीने १७९९ च्या तहात राज्य काढून घेतले. सरफोजींकडे उरले तंजावरचा किल्ला, राजवाडा आणि तनखा. सैन्य नाही, वसुली नाही. पाद्रीबाबांचा हेतू निर्मळ होता याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, परंतु त्यांच्या चांगुलपणाचा उपयोग कंपनीला झाला, हेही तितकेच खरे.

समुद्रापार गेलेली कहाणी

१८०१ साली सरफोजींनी लंडनच्या एका ख्रिस्ती संस्थेला पत्र लिहिले. आपल्या पाद्रीबाबांचे संगमरवरी स्मारक घडवून पाठवावे, ते आपल्या राजधानीतल्या चर्चमध्ये बसवायचे आहे, अशी त्यात विनंती होती. काम मिळाले जॉन फ्लॅक्समन या त्या काळातल्या नामवंत शिल्पकाराला. फ्लॅक्समनने तंजावर कधी पाहिले नव्हते. तरीही त्याने राजाचा आणि पाद्रीबाबांचा हात एकमेकांत असा काही गुंफला आहे, की पाहणाऱ्याची नजर फिरून फिरून त्या दोन हातांवरच येते. हिंदू राजाने आपल्या ख्रिस्ती गुरूसाठी इंग्लंडहून दगड मागवला, ही बातमीच तिकडच्या लोकांना अपूर्वाईची होती.

ती अपूर्वाई घरोघर पोहोचवणारा माणूस होता क्लॉडियस ब्यूकॅनन. हा स्कॉटलंडचा धर्मगुरू कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेजात उपप्रमुख होता. विल्यम कॅरी मराठी शिकवीत आणि मराठीचे व्याकरण लिहीत ते हेच कॉलेज. १८०६ साली ब्यूकॅनन दक्षिणेच्या लांबलचक प्रवासाला निघाला. जगन्नाथपुरी, मद्रास, तरंगमबाडी करीत तो तंजावरला आला. सरफोजींनी त्याला आपल्या दिवाणखान्यात नेले. भिंतींवर भोसले घराण्यातल्या पूर्वजांच्या तसबिरी होत्या. राजे त्याला थेट घेऊन गेले ते पाद्री श्वार्ट्झ यांच्या तसबिरीपाशी. पूर्वजांच्या रांगेत पाद्रीबाबा! आणि त्यांच्याविषयी, आपल्या वडिलांसारख्या त्या पालकाविषयी, राजे बराच वेळ बोलत राहिले.

१८०८ साली ब्यूकॅनन मायदेशी परतला आणि त्याने हिंदुस्थानात पाहिलेले ऐकवायला सुरुवात केली. २६ फेब्रुवारी १८०९ रोजी ब्रिस्टलच्या सेंट जेम्स चर्चमध्ये त्याने केलेले ‘पूर्वेचा तारा’ हे प्रवचन छापून निघाले. पुढे लंडन झाले, केंब्रिज विद्यापीठ झाले. १८११ साली त्याचे आशियातील ख्रिस्ती संशोधनावरचे पुस्तक आले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या खपल्या. त्यात तंजावर आहे, राजा आहे आणि पूर्वजांच्या रांगेतली ती तसबीरही आहे. व्यासपीठावरून बोलायचे, बोललेले छापायचे आणि छापलेले पुन्हा व्यासपीठावरून उचलायचे, असा हा क्रम. आज लेखक पुस्तकाच्या प्रसिद्धीसाठी देशोदेशी दौरे काढतात, त्याची ही जुनी आवृत्तीच म्हणायची. १८३४ साली ह्यू पिअरसन यांनी श्वार्ट्झ यांचे चरित्र आणि पत्रे लंडनमध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा वाचकवर्ग आयता तयार होता.

ब्यूकॅननच्या बोलण्याचे पडसाद कुठवर गेले पाहा. ‘पूर्वेचा तारा’ अमेरिकेत पोहोचला. १८०९ साली अँडोव्हरच्या धर्मविद्यालयातील ॲडोनिराम जडसन नावाच्या विद्यार्थ्याने तो वाचला आणि पूर्वेकडे जायचे ठरवले. तो पुढे ब्रह्मदेशात गेला. पण १८१२ साली अमेरिकेतून निघालेल्या त्याच गटात गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे होते. कलकत्त्याला कंपनीने त्यांना थारा दिला नाही, तेव्हा ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला येऊन ठेपले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तो हाच. मुंबईतल्या मिशनच्या मराठी शाळा, त्यांचा छापखाना, पुढे अहमदनगर आणि १८४२ साली निघालेला ‘ज्ञानोदय’, हे सारे या मिशनच्या पोटी जन्मले. तंजावरच्या मराठी राजवाड्याला भेट देऊन गेलेल्या माणसाचे शब्द अमेरिकेला वळसा घालून मराठी मुलखात परत आले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

एक प्रश्न मात्र ब्रिस्टलपासून बोस्टनपर्यंतच्या श्रोत्यांच्या मनात घोळत असणार. पाद्रीबाबांच्या मांडीवर वाढलेला, त्यांच्यासाठी रडणारा हा राजा मग ख्रिस्ती झाला की नाही?

राजाचे उत्तर

झाला नाही. आणि त्याचे उत्तर तंजावरच्या दगडांवरच लिहिलेले आहे, तेही मराठीत.

श्वार्ट्झ चर्चमधून पुन्हा थोरल्या देवळात यावे. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेल्या या मंदिराच्या आवारात, नैऋत्येकडच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ साली आपल्या घराण्याचा इतिहास कोरून घेतला. मजकूर बाबूराव चिटणिसांचा. जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. मराठी वाचकाला त्यातली अक्षरे लावता येतात, आणि तमिळ मुलखात ऐन चोळांच्या देवळात ‘भोसले’ हा शब्द वाचताना अंगावर रोमांच उभे राहतात. दिवस पाहा कसे आहेत. १८०१ मध्ये लंडनला पाद्रीबाबांच्या स्मारकाचे पत्र, १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर वंशचरित्र. राजाला या दोन्हींत विसंगती वाटली नाही. वाटली असेल तर ती पाहणाऱ्याला.

पुढे १८२० साली सरफोजी मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला निघाले आणि दोन वर्षांनी परतले. या यात्रेवर मराठीत लावण्या रचल्या गेल्या, गंगेच्या घाटांची चित्रे काढून घेतली गेली. राज्य गेलेला राजा दुसरे काय करणार, असे कोणी म्हणेल. पण सरफोजींनी जे केले ते राज्य असलेल्या राजांनाही सुचले नाही. सरस्वती महाल हे नायक राजांपासून चालत आलेले ग्रंथालय. सरफोजींनी त्याचे सोने केले. नुसती मराठी हस्तलिखितेच तिथे सुमारे ३,००० आहेत, संस्कृतची गोष्टच वेगळी. युरोपातून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन ग्रंथ मागवायचे आणि त्यांवर इंग्रजीत आपली सही करायची, हा त्यांचा नेम. धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांवर उपचार होत, आणि प्रत्येक रोग्याच्या डोळ्याचे रंगीत चित्र काढून त्याखाली दुखण्याची हकिगत लिहिली जाई. ग्रंथालयाच्या संग्रहालयात हे कागद मांडलेले असले तर तिथे जरूर थांबावे. कुठल्याशा विसरलेल्या रोग्याचा लालभडक झालेला डोळा दोनशे वर्षांनंतरही आपल्याकडे टक लावून पाहतो.

१८०५ साली त्यांनी देवनागरी छापखाना काढला. त्यातून १८०६ च्या सुमारास ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडली. सख्खण पंडितांनी केलेले हे इसापनीतीचे मराठी भाषांतर. मराठीतल्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांपैकी एक पुण्या-मुंबईला नव्हे, तंजावरला छापले गेले, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात कुठे वाचायला मिळत नाही.

दोन वर्गबंधू

पाद्रीबाबांचा आणखी एक शिष्य होता. परदेशातल्या व्याख्यानांत त्याचे नाव फारसे येत नाही, पण तंजावरात आणि एकूण तमिळ ख्रिस्ती समाजात ते आजही घेतले जाते. वेदनायगम शास्त्री. जन्म १७७४, तिरुनेलवेलीकडचा. वडीलही कवी. मुलगा बारा वर्षांचा असताना पाद्रीबाबांनी त्याला तंजावरला आणले. पुढे तरंगमबाडीला शिकून तो तंजावरच्याच मिशनच्या शाळेत शिक्षक झाला. सरफोजी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. एकाच गुरूची ही दोन मुले, एक मराठा राजपुत्र, दुसरा तमिळ कवी.

दोघांनीही ‘कुरवंजी’ लिहिली, हा योगायोग मोठा गोड आहे. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. नायिका कुणा देवाच्या किंवा राजाच्या प्रेमात पडलेली असते, डोंगरातली कुरवण बाई येऊन तिचा हात पाहते, आपल्या मुलखाचे वर्णन करते आणि तुझे लग्न होईल म्हणून सांगते. आपल्याकडची कैकाडीण किंवा भविष्य सांगणारी जोशीण डोळ्यांपुढे आणावी म्हणजे कल्पना येईल. सरफोजींनी ‘देवेंद्र कुरवंजी’ मराठीत लिहिली, आणि तिच्यातली कुरवण बाई सांगते काय, तर साऱ्या पृथ्वीचा भूगोल! खंडे, देश, समुद्र. वेदनायगम शास्त्रींची ‘बेथलेहेम कुरवंजी’ १८०० च्या सुमाराची, तमिळमधली. तिच्यातली नायिका येशूच्या प्रेमात आहे, आणि मध्येच कोपर्निकसचे खगोलशास्त्र येते. पाद्रीबाबांच्या शाळेत शिकलेले विज्ञान एकाने मराठीत ओतले, दुसऱ्याने तमिळमध्ये. दोघांनीही साचा तोच घेतला, देवळाच्या उत्सवात नाचला जाणारा.

वेदनायगम शास्त्री नुसते लिहून थांबले नाहीत. शिष्य आणि वाद्ये घेऊन ते गावोगाव जात, ख्रिस्ताचे चरित्र गात, मध्ये थांबून निरूपण करीत. ठिकठिकाणच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी त्यांना पदव्या दिल्या. ब्यूकॅनन तिकडे इंग्लंडात बोलत होता, त्याच काळात इकडे कावेरीच्या काठी हा फिरता कवी दुसऱ्या एका चरित्राचा प्रसार करीत होता. ब्यूकॅननच्या श्रोत्यांसाठी पुस्तके छापली गेली. शास्त्रींचे श्रोते ऐकलेले गुणगुणत घरी गेले. कोणाचे जास्त टिकले हे ज्याने त्याने ठरवावे, पण शास्त्रींची गीते तमिळ चर्चमधून अजून गायली जातात, आणि त्यांच्या वंशजांनी गाऊन सांगण्याची ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालवली.

राजा आणि कवी यांच्या मैत्रीची कसोटी पाहणारी एक आख्यायिका सांगतात. आपल्या बृहदीश्वरावर एक कुरवंजी लिही, असे सरफोजींनी शास्त्रींना सांगितले. शास्त्रींनी नम्रपणे नकार दिला; माझी लेखणी एकाच देवाला वाहिलेली आहे, असा त्या नकाराचा आशय. राजे रागावले नाहीत. आख्यायिका असो वा इतिहास, पुढे जे घडले ते इतिहासच आहे. १८२९ साली नव्या दमाच्या मिशनऱ्यांशी शास्त्रींचा खटका उडाला. तमिळ चालीरीती आणि गाणी यांवरून वाद होताच, पण मुख्य मुद्दा जातीचा होता. चर्चमध्ये सर्व जातींनी एकत्र बसावे, असा नव्या पाद्रींचा आग्रह, आणि शास्त्री जातिभेदाच्या बाजूने उभे राहिले. आज ते पटण्यासारखे नाही, त्यांच्या भक्तांनाही ते अवघड जाते. मिशनने त्यांना कामावरून दूर केले. तेव्हा या ख्रिस्ती कवीला आश्रय कोणी दिला? हिंदू राजाने. सरफोजींनी आपल्या वर्गबंधूला दरबारी कवी म्हणून ठेवून घेतले आणि १८३२ साली स्वतः निवर्तेपर्यंत सांभाळले. शास्त्री १८६४ पर्यंत जगले.

सरफोजींच्या हयातीतच आणखी एक प्रसंग घडला होता. १८२६ च्या ईस्टरला कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांपासून लिनीयसपर्यंतची नावे घेत बोलणारा हा मराठा राजा पाहून ते थक्क झाले. राजपुत्र शिवाजीला आपल्यासोबत प्रवासात न्यावे, त्याला शिकवावे, असे त्यांनी सुचवले. पाद्री श्वार्ट्झ यांची पुनरावृत्तीच जणू. राणीसाहेबांनी आभार मानून नकार दिला. मुलगा नाजूक प्रकृतीचा आहे, हे कारण त्यांनी पुढे केले. एका राजपुत्राला पाद्रीने वाढवले ते ठीक, दुसऱ्याला आई सोडायला तयार नव्हती. हेबर आठवड्याभरातच, ३ एप्रिलला, तिरुचिरापल्लीला स्नानाच्या हौदात बुडून वारले. १८५५ साली शिवाजी राजे पुत्राविना निवर्तले आणि तंजावरची उरलीसुरली गादीही खालसा झाली.

कीर्तन राहिले

गादी गेली तरी मराठी लगेच गेली नाही. रामदासी मठांमुळे आणि दरबाराच्या आश्रयामुळे तंजावरात मराठी कीर्तन रुजलेले होतेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातून आलेल्या रामचंद्र मोरगावकर बोवांची कीर्तने तंजावरकरांनी ऐकली आणि ते भारावून गेले. तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्यावरून तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले सगळे छंद तमिळमध्ये गेले आणि तिथलेच झाले. आज चेन्नईच्या सभागृहात हरिकथा ऐकताना ‘साकी’ हा शब्द कानावर पडला, तर मराठी श्रोत्याने चकित होऊ नये.

आणि इकडे महाराष्ट्रात? हॉल आणि नॉट यांनी सुरू केलेल्या त्या अमेरिकन मराठी मिशनमध्येच १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक अहमदनगरला काम करू लागले. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले आणि कीर्तनकाराच्या थाटात उभे राहून ख्रिस्ताचे चरित्र सांगितले. टिळकांच्या मराठी कीर्तनात आणि वेदनायगम शास्त्रींच्या तमिळ कथेत एकाने दुसऱ्याकडून काही घेतले असे नाही. पण बाहेरून आलेली कथा आपल्या मातीतल्या चालीवर सांगितली तरच लोक बसून ऐकतात, हे दोघांनाही आपापल्या गावी उमगले होते.

तंजावरला जायचे तर चेन्नईहून रात्रीची गाडी सोयीची. तिरुचिरापल्लीहून बसने दीड तासात पोहोचता येते. पावसाळी महिने आणि मे टाळावा. सकाळी लवकर थोरले देऊळ पाहावे, म्हणजे आवारातले दगड तापण्याआधी शिलालेखापाशी निवांत उभे राहता येते. तिथून चालतच शिवगंगेच्या किल्ल्यात जावे. चर्चला कुलूप असले तर आसपास विचारपूस करावी. दुपारी राजवाडा आणि सरस्वती महाल. राजवाड्यात सरफोजींचा हात जोडून उभा असलेला पांढरा संगमरवरी पुतळा आहे. तो कुणाला नमस्कार करतो आहे, यावर मुलांशी पैज लावायला हरकत नाही.

संध्याकाळी वेळ उरला तर गावातल्या सेंट पीटर चर्चमध्ये जावे. पाद्री श्वार्ट्झ यांचे दफन तिथे झालेले आहे. समाधीवर काळसर ग्रॅनाइटची शिळा आहे, आणि तिच्यावर इंग्रजीत काही ओळी कोरलेल्या आहेत. साध्या, थोड्या अडखळत्या, यमके जुळवलेल्या. त्या सरफोजी राजांनी स्वतः रचल्या असे सांगतात. घराण्याचा इतिहास त्यांनी चिटणिसांकडून लिहून घेतला होता. या ओळी मात्र कुणाकडून लिहून घेतल्या नाहीत.